उकळताना तुटतं काय?

"मॅडम, सा. न. वि. वि.

मी अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. चाचणी परीक्षेत प्रश्न होता : पेंटेन, आयसोपेंटेन आणि निओपेंटेन यांना उत्कलनांकाच्या उतरत्या क्रमाने लावा आणि कारण लिहा. क्रम मी बरोबर लावला. कारण लिहिलं की सरळ साखळीत बंध जास्त असतात, ते तोडायला जास्त उष्णता लागते. सरांनी शून्य दिलं. क्लासमध्ये हायड्रोकार्बनच्या उत्कलनांकांचा मोठा तक्ता पाठ करायला दिलाय, तो आठवडाभरही डोक्यात राहत नाही. मला सायन्स झेपत नाही असं वाटतं. आर्ट्सला जाऊ का?

आणखी एक. निफाडजवळ आमची मिसळ-वड्याची गाडी आहे. थंडीत पहाटे सिलिंडरवर बर्फासारखा पांढरा थर येतो आणि जाळ बसतो. पप्पा सिलिंडरला गोणपाट गुंडाळतात. काका म्हणतात, आडवा करा, गॅस जास्त येतो. कोणाचं बरोबर?

— प्र., निफाड तालुका"

चि. प्र.,

अनेक आशीर्वाद.

तुझा शेवटचा प्रश्न सगळ्यात निकडीचा, म्हणून त्याचं उत्तर आधी. सिलिंडर आडवा करायचा नाही. कधीच नाही. आणि ते गोणपाट आज रात्रीच काढून टाका. वडील 'का?' म्हणून विचारतील, काकांना तर नुसतं सांगून पटायचं नाही. ते कारण खाली येतंय. गंमत म्हणजे तुझं शून्य आणि सिलिंडरवरचा तो पांढरा थर, दोन्ही एकाच गोष्टीशी येऊन थांबतात.

आता शून्य. कागद घे आणि पेंटेनची रचना काढ. पाच कार्बन एका ओळीत. कार्बन-कार्बन बंध मोज : चार. कार्बन-हायड्रोजन बंध मोज : बारा. एकूण सोळा. मग निओपेंटेन काढ. मधोमध एक कार्बन, त्याला चार बाजूंनी चार कार्बन. पुन्हा मोज. चार आणि बारा. आयसोपेंटेनचेही तेवढेच. तिघांचं रेणुसूत्र एक, रेणुवस्तुमान एक, ७२. बंधांची संख्या, बंधांचे प्रकार, सगळं सारखं. मग 'सरळ साखळीत बंध जास्त' हे तू लिहिलंस कशावरून? क्रमाला सरांनी अर्धा गुण द्यायला हरकत नव्हती असं माझं मत आहे, पण कारणाला मीही शून्यच दिलं असतं.

यात तू एकटा नाहीस. बारावीच्या पेपरांतही हे वाक्य हमखास सापडतं, आणि ते का सुचतं हेही कळण्यासारखं आहे. मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्यूटेन असं पुढे पुढे गेलं की बंधांची संख्या वाढते आणि उत्कलनांकही वाढतो. दोन्ही आकडे हातात हात घालून चढताना दिसले की एकामुळे दुसरा चढतोय असंच वाटणार. समघटकांचा, म्हणजे रेणुसूत्र एक पण रचना वेगळी अशा पदार्थांचा, प्रश्न परीक्षेत घालतात तो याचसाठी. तिथे बंध जागच्या जागी राहतात आणि उत्कलनांक मात्र हलतो : पेंटेन ३६.१ अंश सेल्सिअस, आयसोपेंटेन २७.८, निओपेंटेन ९.५. नागपूरच्या मे महिन्यात पेंटेनच्या बाटलीचं बूच काढलं तर ते आपोआप उकळायला लागेल. निओपेंटेन तुमच्याकडच्या डिसेंबरातल्या पहाटे द्रव असेल आणि ऊन चढल्यावर वायू. एकाच रेणुसूत्रात एवढा फरक!

मग उकळताना तुटतं काय? रेणूच्या आतलं काहीही नाही. सहा कार्बनांचं सरळ हेक्झेन उकळलं, त्याची वाफ नळीतून नेऊन थंड केली, तर खाली पुन्हा हेक्झेनच जमा होतं. आतले बंध तुटले असते तर हेक्झेन परत कसं मिळालं असतं? आकड्यांतही बघ. एक मोल, म्हणजे ८६ ग्रॅम, हेक्झेनची वाफ करायला साधारण २९ किलोज्यूल लागतात. तेवढ्याच हेक्झेनमधल्या प्रत्येक रेणूचा फक्त एकेक कार्बन-कार्बन बंध तोडायचा म्हटलं तर ३५०च्या आसपास. एका रेणूत असे पाच बंध आहेत. ६९ अंशांना उकळणाऱ्या द्रवाकडे एवढी ऊर्जा येणार कुठून?

याचा सगळ्यात भारी पुरावा तेलशुद्धीकरण कारखान्यात उभा आहे. मुंबईला चेंबूरजवळ माहुलच्या बाजूने कधी गेलास तर ते उंच मनोरे दिसतील. कच्चं तेल साधारण ३५० ते ३७० अंशांपर्यंत तापवून मनोऱ्यात सोडतात आणि उत्कलनांकाप्रमाणे घटक वेगवेगळ्या उंचीवर काढून घेतात : वर हलके, खाली जड. तळाशी जे उरतं ते त्या तापमानालाही उकळत नाही. मग आणखी तापवायचं? तिथेच खरी अडचण आहे. त्याच्या पुढे नेलं की लांब साखळ्या खरोखरच तुटायला लागतात, कोळसा धरतो, माल बिघडतो. म्हणून तो तळाचा माल दुसऱ्या मनोऱ्यात, हवा काढून घेऊन, कमी दाबाखाली उकळतात. रेणू न तोडता त्यांची वाफ करण्यासाठी एवढा खटाटोप. आणि जिथे साखळ्या मुद्दाम तोडायच्या असतात, त्यासाठी वेगळं संयंत्र असतं, उत्प्रेरक असतो, तापमान ५००च्या घरात असतं. उकळणं आणि तोडणं ही तिथे दोन वेगळी खाती आहेत. तू उत्तरात ती एकत्र केलीस.

उकळताना सुटते ती रेणूंची एकमेकांवरची पकड. आता प्रश्न असा की हायड्रोकार्बनच्या रेणूंना एकमेकांना धरून ठेवण्याचं कारणच काय? पाण्याचं समजतं. पाण्याच्या रेणूत एक बाजू थोडी धन, एक थोडी ऋण, आणि त्यांच्यात हायड्रोजन बंध. म्हणून १८ रेणुवस्तुमानाचं पाणी १०० अंशांपर्यंत टिकतं, तर जवळपास तेवढ्याच वस्तुमानाचं मिथेन उणे १६१.५ ला उकळून मोकळं होतं. पण मिथेनसुद्धा द्रव होतं ना! म्हणजे काहीतरी पकड त्यालाही आहे. १९३० साली फ्रिट्झ लंडन या जर्मन शास्त्रज्ञाने पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) वापरून तिचा उलगडा केला. रेणूभोवतीचे इलेक्ट्रॉन स्थिर बसलेले नसतात. एखाद्या क्षणी ते एका बाजूला किंचित जास्त झुकतात, तेवढ्यापुरती ती बाजू ऋण होते, शेजारच्या रेणूतले इलेक्ट्रॉन त्यामुळे सरकतात, आणि दोघांत क्षणभर ओढ निर्माण होते. पुढच्या क्षणी चित्र बदलतं, पण ओढ काही संपत नाही. ही ओढ फार दुबळी आणि फार कमी अंतरावर चालणारी. रेणू अगदी अंगाला अंग लावून असतील तरच ती जाणवते.

अंगाला अंग लावून, हे नीट लक्षात ठेव. उत्कलनांकाच्या प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक प्रश्न एवढ्यावर सुटतात. घरी शेवया वाळत घातल्या की एकमेकींना लांबच्या लांब चिकटतात, सोडवताना जीव जातो. लाडू डब्यात रचले तर एक लाडू दुसऱ्याला एका ठिपक्यापुरताच टेकतो, सहज उचलता येतो. पेंटेन ही शेवई, निओपेंटेन हा लाडू. फांद्या फुटल्या की रेणू गोल होत जातो, बाहेरचा पृष्ठभाग कमी होतो, शेजाऱ्याशी संपर्क कमी होतो, पकड सैल, उत्कलनांक खाली. तुझ्या प्रश्नाचं कारण एवढंच होतं. ब्यूटेन उणे ०.५ आणि आयसोब्यूटेन उणे ११.७, तेही याचमुळे.

इथे दुसरं एक चुकीचं कारण वाट बघत उभं असतं, तेही आत्ताच काढून टाकू. गाइडमध्ये लिहिलेलं असतं, 'रेणुवस्तुमान वाढलं की उत्कलनांक वाढतो.' मिथेन, इथेन, प्रोपेन या अल्केनांपुरतं हे चालतं, कारण वस्तुमान वाढतं तेव्हा इलेक्ट्रॉनही वाढतात आणि लांबीही. पण जड असणं हे काही खरं कारण नव्हे. हेक्झेनमधले सगळे हायड्रोजन काढून तिथे फ्लोरीन बसवला तर वस्तुमान ८६ वरून ३३८ वर जातं. जवळजवळ चौपट. आणि उत्कलनांक? ६९ वरून सुमारे ५७ वर उतरतो! फ्लोरीन आपले इलेक्ट्रॉन इतके घट्ट धरून ठेवतो की ते झुकायला तयारच होत नाहीत. झुकणं नाही तर ओढ नाही. मुलांना हे उदाहरण सांगितलं की वर्ग दोन मिनिटं गप्प होतो.

आता तुझा तक्ता. क्लासवर मी टीका करणार नाही, त्यांना कमी वेळात पुष्कळ उरकायचं असतं. पण हायड्रोकार्बनचे उत्कलनांक पाठ करणं म्हणजे वेळेची नासाडी आहे. तीन खुंट्या पुरतात. ब्यूटेन शून्याच्या जरा खाली. पेंटेन ३६, म्हणजे आपल्या अंगाच्या तापमानाजवळ. हेप्टेन ९८.४, म्हणजे पाण्याच्या जवळ. मधलं हेक्झेन आपोआप ६९ च्या आसपास पडतं. आणि एका कार्बनामागे किती वाढ होते ते बघ : मिथेन ते इथेन ७३ अंश, इथेन ते प्रोपेन ४६.५, पुढे ४१.६, ३६.६, ३२.६, २९.७, ऑक्टेनपर्यंत २७.३, आणि नोनेन ते डेकेन ही उडी २३ च्या थोडी वर. उडी दर वेळी लहान होत जाते. एका कार्बनाला दुसरा जोडला तर रेणू जवळपास दुप्पट होतो. नवांना दहावा जोडला तर फारसा फरक पडत नाही. तेव्हा 'दर कार्बनामागे २० ते ३० अंश' हा नियम पुस्तकात छापलेला दिसला तर तो हेक्झेनच्या पुढचा समज. सुरुवातीच्या चारांना तो अजिबात लागू नाही, आणि परीक्षक नेमके तिथेच गाठतात.

हे आकडे कागदावर न बघता घरात बघ. सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्यूटेन. पानाच्या टपरीवर मिळणाऱ्या पारदर्शक लायटरमध्ये हलतं ते मुख्यतः ब्यूटेन, दाबाखाली द्रव झालेलं. मोटरसायकलच्या टाकीत साधारण पाच ते बारा कार्बनांचं मिश्रण. त्याहून जड ते रॉकेल, त्याहून जड डिझेल. व्हॅसलिनच्या डबीत त्याहून लांब साखळ्या, मेणबत्तीत वीस ते चाळीस कार्बनांच्या, आणि रस्त्यावरच्या डांबरात जे कशानेच उडालं नाही ते. वायू, पातळ, दाट, लोणी, घट्ट, सगळं एकाच कुटुंबात. हे सगळं पाण्यात विरघळत नाही, कारण पाण्याच्या रेणूंना आपापसातली घट्ट पकड सोडून या दुबळ्या ओढीत काहीच मिळत नाही; आणि पातळ असेल ते पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे पाण्यावर तरंगतं. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारू नये ते यासाठीच. जळतं पेट्रोल पाण्यावर स्वार होऊन पसरतं. लायटर मात्र नुसता बघायचा, फोडून बघायचा नाही.

एक गोष्ट क्लासमध्ये बहुधा घेणार नाहीत, पण तुला नाशिकच्या रस्त्यावर दिसेल. सीएनजीवर चालणाऱ्या रिक्षाच्या टाकीत मिथेन हवेच्या दाबाच्या साधारण २०० पटीने कोंबलेलं असतं. एवढं दाबूनही ते द्रव होत नाही. घरच्या सिलिंडरातला दाब त्याच्या वीस भागांतलाही नाही, तरी आत द्रव खळखळतो. असं का? प्रत्येक पदार्थाला एक तापमान असतं, ज्याच्या वर नुसत्या दाबाने तो द्रव होत नाही, कितीही दाबा. त्याला क्रांतिक तापमान म्हणतात. मिथेनचं उणे ८२.६ अंश. प्रोपेनचं जवळपास ९७, ब्यूटेनचं १५२. म्हणजे महाराष्ट्रातल्या कुठल्याही हवामानात प्रोपेन-ब्यूटेन दाबलं की द्रव होणार, आणि मिथेन दाबून उपयोग नाही, त्याला पाण्याच्या गोठणबिंदूच्या कितीतरी खाली थंडच करावं लागणार. रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळला जहाजाने येतो तो द्रवरूप नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांच्या आसपास ठेवलेला असतो. तसा केला की त्याचं आकारमान सहाशेपटीने कमी होतं. उणे १६१.५ हा आकडा तुझ्या तक्त्यात पहिल्या ओळीत असेल. ते जहाज त्या पहिल्या ओळीवर चालतं.

पृथ्वी सोडून जरा लांब जायचं तर शनीच्या टायटन या चंद्रावर पृष्ठभागाचं तापमान उणे १७९ च्या आसपास आहे. तिथे मिथेनचा पाऊस पडतो आणि मिथेन-इथेनची तळी आहेत. १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स हे यान तिथे उतरलं. मिथेन उणे १८२.५ ला गोठतं, म्हणजे तिथलं मिथेन गोठण्यापासून जेमतेम तीन-चार अंश दूर. अभ्यासक्रमात नाही हे. मला आवडतं म्हणून सांगितलं.

आता द्रवणांक, म्हणजे पदार्थ वितळतो किंवा गोठतो ते तापमान. इथे तू सावध राहा, कारण उत्कलनांकाचं तत्त्व उचलून इथे चिकटवलं की घोटाळा होतो. उकळताना रेणू अस्ताव्यस्त असतात आणि प्रश्न एवढाच असतो की ते एकमेकांना किती लागतात. गोठताना त्यांना रांगेत बसायचं असतं, एकाशेजारी एक, एकावर एक, नेटकं. म्हणून तिथे विचारायचं की हा रेणू रचायला सोपा आहे का? निओपेंटेन उत्कलनांकात तिघांत शेवटचं, पण द्रवणांकात पहिलं : उणे १६.५ अंश. सरळ पेंटेन उणे १२९.७ पर्यंत गोठत नाही. चारही बाजूंनी सारखा असलेला गोल रेणू कसाही फिरला तरी जागेवर बसतो. बेंझीन ५.५ अंशांना गोठतं. त्याला एक मिथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) लावून टोल्युइन केलं की उत्कलनांक ८०.१ वरून ११०.६ वर चढतो आणि द्रवणांक धाडकन उणे ९५ वर जातो. त्या एका शेपटामुळे रांग मोडते. मायकेल फॅरेडेने १८२५ साली दिव्याच्या गॅसच्या तेलकट गाळातून बेंझीन वेगळं काढलं ते याच दोन गुणांच्या आधाराने : पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून एका पट्ट्यात उकळणारा भाग घेतला आणि तो थंड करून स्फटिक काढले.

सरळ साखळ्यांच्या द्रवणांकांचा आलेख काढलास तर तो गुळगुळीत येणार नाही, जिन्यासारखा येईल. सम कार्बनवाले थोडे वर, विषमवाले थोडे खाली, कारण समांची टोकं रांगेत जास्त चांगली जुळतात. आणि सगळ्यात कमी द्रवणांक मिथेनचा नाही, प्रोपेनचा आहे : उणे १८७.७. बहुपर्यायी प्रश्नाला हे फार सोयीचं असतं, तेव्हा हा एक आकडा पाठ केलास तर माझी हरकत नाही.

हे सगळं वहीपुरतं वाटत असेल तर लडाखचं उदाहरण घे. डिझेलमध्ये सोळा कार्बनांची सरळ साखळी असते, हेक्झाडेकेन. ते २८७ अंशांना उकळतं, पण शुद्ध असेल तर १८ अंशांनाच गोठतं. मिश्रणात असल्यामुळे आपल्याकडे त्रास होत नाही. लडाखच्या हिवाळ्यात मात्र अशा सरळ साखळ्या एकेक करून मेणासारख्या जमतात आणि फिल्टर तुंबतो. गाडीखाली शेगडी पेटवून टाकी गरम करायचे उद्योग तिथे ड्रायव्हर करत असत. २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने तिथल्यासाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. तुझ्या धड्यातला 'फिजिकल प्रॉपर्टीज' हा कंटाळवाणा परिच्छेद म्हणजे हेच सगळं.

अल्कीनांचं, म्हणजे दुहेरी बंध असलेल्यांचं, थोडक्यात सांगते. तेवढ्याच कार्बनांच्या अल्केनपेक्षा उत्कलनांक बहुधा थोडा कमी, नेहमीच नाही : इथीन उणे १०३.७, प्रोपीन उणे ४७.६. दोन हायड्रोजन गेले, इलेक्ट्रॉन कमी झाले. ब्यूट-२-ईनच्या जोडीवर हटकून प्रश्न येतो. सिस ३.७ ला उकळतं, ट्रान्स ०.९ ला, कारण सिसमध्ये दोन्ही मिथिल गट एका बाजूला आल्याने रेणूला थोडा ध्रुवीयपणा येतो. गोठताना उलटं : ट्रान्स उणे १०५.५ लाच गोठतं, सिस उणे १३८.९ पर्यंत नाही. सरळ रेणू रांगेत बसतो, वाकडा बसत नाही. चक्रीय सायक्लोहेक्झेन ८०.७ ला उकळतं, सरळ हेक्झेनच्या बारा अंश वर. कडं ताठ असतं, साखळीसारखं वळवळत नाही, म्हणून एकमेकांवर चांगलं टेकतं.

आता या सगळ्यासकट गाडीवर ये.

सिलिंडरमध्ये गॅस नसतो, द्रव असतो, आणि त्याच्यावर थोड्या जागेत वाफ. शेगडीला जाते ती वरची वाफ. ती गेली की खालचा द्रव उकळून नवी वाफ देतो. आणि उकळायचं म्हणजे रेणूंची पकड सोडवायची, त्याला उष्णता हवी. एक किलो एलपीजीची वाफ व्हायला साधारण ३५० ते ४०० किलोज्यूल लागतात. एक लिटर पाणी ९० अंशांवरून शून्यावर आणलं तर जवळपास तेवढीच उष्णता निघते. ही उष्णता सिलिंडर कुठून घेतो? आधी स्वतःच्या द्रवातून, मग पत्र्यातून, मग बाहेरच्या हवेतून. तुमची शेगडी मोठी, गॅसची ओढ जोरात, बाहेर निफाडची थंडी. हवेतून उष्णता येते त्यापेक्षा जास्त वेगाने आत खर्च होते, पत्रा शून्याच्या खाली जातो आणि हवेतलं बाष्प त्यावर गोठतं. तो पांढरा थर जिथपर्यंत आहे साधारण तिथपर्यंत आत द्रव आहे, हेही बघून ठेव.

जाळ का बसतो ते आता तूच सांगशील. आत प्रोपेन आणि ब्यूटेनचं मिश्रण. प्रोपेन शून्य अंशालाही हवेच्या दाबाच्या साडेचार पटींहून जास्त जोर लावतं. ब्यूटेनचा उत्कलनांक उणे ०.५, म्हणजे शून्याजवळ त्याचा जोर बाहेरच्या हवेएवढाच राहतो, ते ढकलणार काय? शिवाय सहज उडणारं प्रोपेन आधी जास्त निघून जातं आणि सिलिंडर अर्ध्याच्या खाली गेला की मागे ब्यूटेनच जास्त उरतं. म्हणून संपत आलेल्या सिलिंडरचा थंडीत जास्त त्रास.

गोणपाटाचं आता उघड आहे. पांघरूण उपयोगी पडतं ते आपल्याला, कारण आपलं अंग उष्णता तयार करतं. सिलिंडर तयार करत नाही, तो बाहेरून मागतो, आणि गोणपाट नेमकी तीच वाट अडवतं. वडिलांनी चांगल्या हेतूने केलं, पण परिणाम उलटा होतो. काकांचा उपाय मात्र धोक्याचा आहे. आडवा केला की वाफेऐवजी द्रवच नळीत शिरतो, तो बाहेर येऊन सुमारे अडीचशे पट फुगतो आणि जाळ एकदम भडकतो. रेग्युलेटर आणि शेगडी त्यासाठी बनवलेलीच नसतात. उकळतं पाणी ओतायचं नाही, शेगडीच्या झळेला सरकवायचा नाही. दोन व्यावसायिक सिलिंडर एकत्र जोडून घेतले की प्रत्येकातून निम्मीच ओढ होते आणि प्रत्येकाला उष्णता घ्यायला वेळ मिळतो. ही जोडणी एजन्सीच्या माणसाकडूनच करून घ्यायची. सिलिंडर उभा, मोकळ्या हवेत. प्रोपेन आणि ब्यूटेन हवेपेक्षा जड असतात, गळती झाली तर गॅस वर न जाता गाडीखाली, गटारात साचतो, तेव्हा वास आला की ठिणगीची प्रत्येक गोष्ट लांब आणि १९०६ या क्रमांकावर फोन.

परीक्षेचं उत्तर तुला इंग्रजीतच लिहायचं आहे, तर तीन गोष्टी त्यात दिसल्या पाहिजेत : फांद्या वाढल्या, 'सरफेस एरिया' कमी झाला, म्हणून 'व्हॅन डर वाल्स फोर्सेस' (वर सांगितलेली तीच दुबळी ओढ) कमी. दोन ओळी पुरतात. पण लिहिण्याआधी मनात मराठीतच विचार कर, निदान हे वर्षभर. आणि सरांकडे जाऊन, 'सर, तिन्ही समघटकांत बंध सोळाच आहेत हे मी आत्ता मोजलं,' एवढं सांग. गुण वाढतील असं नाही, पण हे ऐकून चिडणारा शिक्षक मी अजून पाहिलेला नाही.

आर्ट्सला जायचं असेल तर इतिहास किंवा भाषा मनापासून आवडते म्हणून जा. चाचणीतल्या एका कारणावरून जाऊ नकोस. पहाटे सिलिंडरवरचा थर बघून ज्याला पत्रात प्रश्न विचारावासा वाटतो, त्याला सायन्स झेपत नाही हे मला मान्य नाही.

शेवटी एक काम देते. आठ कार्बनांचं सरळ ऑक्टेन उणे ५६.८ ला वितळतं आणि १२५.७ ला उकळतं. तेच आठ कार्बन, तेच अठरा हायड्रोजन घेऊन २,२,३,३-टेट्रामिथिलब्यूटेन केलं तर ते १००.७ ला वितळतं आणि १०६.५ ला उकळतं. म्हणजे द्रव म्हणून ते सहा अंशही टिकत नाही. दोन्ही रचना काढ, कशामुळे एक आकडा वर गेला आणि दुसरा खाली आला ते लिहून पाठव. बंध मोजले तरी चालतील.